जपानी बेटावरची कावड: 'हदाका नो शिमा' आमच्या गावाने जागचे न हलता का पाहिला?

प्रश्न: पूर्णाकाठ_गुरुजी

सर्वांना नमस्कार.

मी अकोला जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णा नदीपासून दोन कोसांवर असलेल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिकवतो. उन्हाळी सुटीत समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरे धोतर ताणून आणि प्रोजेक्टर मागून आणून आम्ही गावकऱ्यांना अधूनमधून एखादा चित्रपट दाखवतो. या खेपेस माझ्या पुतण्याने पुण्याहून कानेतो शिंदो या दिग्दर्शकाचा १९६० सालचा 'हदाका नो शिमा' हा कृष्णधवल जपानी चित्रपट आणला. नावाचा शब्दशः अर्थ 'उघडे बेट' असा आहे. पण झाडोरा नसलेल्या टेकडीला आपण बोडकी म्हणतो, म्हणून गावात मी 'बोडके बेट' एवढेच सांगितले. मनात धाकधूक होती, कारण या चित्रपटात संवाद जवळपास नाहीतच. माणसे हसतात, रडतात, मुले गातात, परंतु कोणी कोणाशी बोलताना ऐकू येत नाही. नाचगाण्यांचा चित्रपट असला तरी मधेच तंबाखू मळायला उठून जाणारी आमची मंडळी पंधरा मिनिटांत पांगतील, असे मी धरूनच चाललो होतो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातील एका चिमुकल्या बेटावर नवरा, बायको आणि त्यांची दोन मुले राहतात. बेटावर गोड्या पाण्याचा ठिपूस नाही. होडी वल्हवत शेजारच्या मोठ्या बेटावर जायचे, लाकडी बादल्या भरायच्या, परत यायचे, आणि खांद्यावरच्या आडव्या दांडीला दोन टोकांना दोन बादल्या अडकवून उभा चढ चढत त्या वरच्या वावरात न्यायच्या. तेथे ओगराळ्याने एकेका रोपाच्या बुडाशी थोडे थोडे पाणी घालायचे. कोरडी माती ते पाणी डोळ्यांदेखत पिऊन टाकते, आणि मग पुन्हा होडी. ऋतू पालटतात, धान्य घरात येते, त्यातली पोती जमिनीच्या मालकाला पोचती करावी लागतात. एकदा मुलांना मोठा मासा सापडतो. तो विकायला सगळे घर ओनोमिची शहरात जाते, खानावळीत जेवते, दुकानाच्या काचेआडचा टीव्ही उभ्याने पाहते. पुढे थोरला मुलगा आजारी पडतो. बाप होडी घेऊन डॉक्टरला आणायला जातो, आणि डॉक्टर पोचेपर्यंत मुलगा गेलेला असतो.

त्या रात्री पडद्यावर खांद्यावरची ती दांडी दिसताच मागच्या बाजूला बसलेला एक तरुण मोठ्याने 'कावड!' म्हणाला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने अकोल्याच्या राजेश्वराला नेणाऱ्या आमच्या गावच्या पोरांपैकी तो एक आहे. त्यानंतर बराच वेळ समाजमंदिरात कोणाचाही आवाज आला नाही. बाप डॉक्टरला शोधत धावत असतानाच वीज गेली. मी घड्याळ पाहिले, बावीस मिनिटे काळोख होता. मुले पेंगली, पण मोठे माणूस एकही उठले नाही. अंधारात एका म्हातारीने हलकेच विचारले, "भेटला काय त्याले डाक्टर?" चित्रपट मी आधी पाहिलेला होता, तरी मला उत्तर देववले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की या चित्रपटात असे काय आहे? आमच्या विहिरींना पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही आणि वावराला दिले तर जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, होते. त्या बेटाच्या चहूबाजूंनीही पाणीच पाणी आहे आणि रोपाला द्यायला थेंब नाही. हे साम्य उघड आहे, मात्र तेवढ्याने माझे समाधान होत नाही. पाणीटंचाईच्या बातम्या आम्ही रोज पाहतो आणि पाहता पाहता जेवतो. दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. शेजारच्या दोन गावांनी हाच खेळ मागितला आहे. तेथे सुरुवातीस मी काही समजावून सांगावे की न सांगावे?

उत्तर १: जुना_पडदा, अमरावती

गुरुजी, हा चित्रपट कोणत्या घरातून आला हे पाहिले की आपल्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती लागते, असे मला वाटते.

शिंदो यांचा जन्म १९१२ साली हिरोशिमाकडच्या एका खेड्यात, जमीनजुमला असलेल्या घरात झाला. वडील दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले आणि त्यात घरची जमीन गेली. आईला लोकांच्या शेतात मजुरीला जावे लागले, आणि शिंदो लहान असतानाच ती वारली. जामीन राहून बसलेले घर आपल्याकडे गावोगाव दाखवता येईल, म्हणून हे मी मुद्दाम सांगतो. पडद्यावर पाणी वाहणाऱ्या बाईकडे कॅमेरा ज्या धीराने पाहत राहतो, तो धीर त्या मुलाचा आहे, अशी माझी समजूत आहे.

१९५० साली शिंदो, दिग्दर्शक कोझाबुरो योशिमुरा आणि नट ताइजी तोनोयामा यांनी मोठ्या स्टुडिओंपासून वेगळे होऊन स्वतःची निर्मितीसंस्था काढली. दहा वर्षांत ती कर्जात रुतली. आता बंदच करायची आहे तर शेवटचा एक चित्रपट आपल्या मनासारखा करू, या विचाराने ते मोजकी माणसे आणि तुटपुंजे पैसे घेऊन मिहारा शहराजवळच्या बेटांवर गेले. बापाच्या भूमिकेत तोच तोनोयामा आहे. आईचे काम करणारी नोबुको ओतोवा मूळची ताकाराझुका या स्त्रियांच्या संगीत-नृत्य मंडळीतली, म्हणजे रंगमंचावर नटूनथटून गाणारी-नाचणारी कलावंत. त्या बाईच्या खांद्यावरची दांडी पावलागणिक कशी लवते ते पाहा. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला, देशोदेशी तो विकला गेला, कर्ज फिटले आणि संस्था वाचली. शिंदो पुढे थेट शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत चित्रपट करत राहिले. ओतोवा १९९४ साली गेल्या, तेव्हा त्यांच्या अस्थींचा अर्धा भाग याच बेटापाशी विसर्जित करण्यात आला. जेथे चित्रीकरणापुरते पाणी वाहिले त्या जागेशी माणसाचे असे नाते जडावे, यातच पुष्कळ काही आले.

आता चित्रपटाच्या घडणीविषयी. दुसरा कोणी दिग्दर्शक असता तर त्याने एकदा होडी, एकदा चढ आणि एकदा रोप दाखवून पुढची गोष्ट सुरू केली असती. शिंदो पहिली खेप जवळजवळ पुरी दाखवतात, आणि ती संपते न संपते तोच दुसरी सुरू करतात. शहरातले प्रेक्षक येथे चुळबुळ करतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण थोड्या वेळाने आपलाच श्वास त्या चढाशी बांधला जातो. पाऊल टेकले की आपण श्वास सोडतो, बादली हिंदकळली की आवळून धरतो. हिकारू हायाशी यांची एकच धून पुन्हा पुन्हा येते. ती सुंदर आहे, तरी काही ठिकाणी नको इतकी येते असे माझे मत आहे, आणि तेथे मी आवाज थोडा कमी करतो. वल्ह्याचा, पावलांचा आणि पाण्याचा आवाज पुरेसा बोलका आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की आधी काहीही सांगू नये. मात्र एक काळजी जरूर घ्यावी. या चित्रपटाची चौकट रुंद आहे, रुंदी उंचीच्या दुपटीहून अधिक भरते. प्रोजेक्टरवर ती ताणून उंच केली तर माणसे काटकुळी दिसतात आणि कडा कापल्या तर समुद्रच नाहीसा होतो. वरखाली काळी पट्टी राहिली तरी चालेल, पण ती रुंदी सोडू नये. एवढ्या मोठ्या समुद्रात ती दोन माणसे केवढीशी दिसतात, हे त्या रुंदीमुळेच कळते.

उत्तर २: गुंड_चुंबळ

गुरुजींना आणि जुना_पडदा भाऊंना नमस्कार. मी बुलडाणा जिल्ह्यातली आहे, आणि लग्न होऊन आले त्या वर्षापासून चौदा वर्षे मी डोक्यावरून पाणी वाहिले आहे. हा चित्रपट मी धाकट्या जावेबरोबर मोबाइलवर पाहिला. माझे उत्तर भाऊंच्या उत्तरापेक्षा थोडे निराळे आहे.

त्यात पाणी दोनदा सांडते, आणि माझ्या मते सगळा चित्रपट त्या दोन सांडण्यांच्या मधे आहे. पहिल्यांदा चढावर आईचा पाय घसरतो आणि एक बादली लवंडते. नवरा आपली कावड खाली ठेवतो, जवळ येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. ती पडते. मग तोच पुढे होऊन कावडीला हात लावतो आणि दोघे पुन्हा कामाला लागतात. दुसऱ्यांदा मुलगा गेल्यानंतर, शाळेतली मुले आणि शिक्षक होडीतून येऊन निरोप देऊन गेल्यानंतर, ती पुन्हा पाणी घेऊन वर येते, आणि एकाएकी भरलेली बादली स्वतःच्या हाताने ओतून देते, रोपे उपटून फेकते आणि मातीत पालथी पडून रडते. आता नवरा काय करतो? तो उभा राहतो, तिच्याकडे पाहतो आणि काही न बोलता आपल्या रोपाला पाणी घालू लागतो. हात उचलत नाही. पहिली थप्पड दाखवली नसती तर हे न मारणे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

भाऊ, तुम्ही म्हणता तसा श्वासाचा भाग असेल, मी नाकारत नाही. परंतु शहरातल्या प्रेक्षकाला त्या पाण्याची किंमत समजावी म्हणून शिंदो यांना एवढ्या खेपा दाखवाव्या लागल्या, असे मला वाटते. आम्हाला ती पहिल्या खेपेतच समजली होती. भरलेला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, डोक्यावर असताना मान वळवायची सोय नसते. कोणी हाक मारली तर उभ्या अंगाने वळावे लागते. पाणी डचमळू नये म्हणून आम्ही गुंडात कडुनिंबाची डहाळी टाकत असू. तरी दाराशी येता येता पायरीवर ठेच लागून पाणी सांडले, तर त्या ओल्या मातीकडे पाहून जे पोटात व्हायचे ते कोणाला सांगता येण्यासारखे नाही. अशा बाईने भरलेली बादली आपल्या हाताने उपडी केली, याचा अर्थ तिला किती लागले असेल हे आम्हाला शब्दांवाचून कळते. तेथे संवाद असता तर तो मला खोटा वाटला असता. रडणारीला आमच्याकडेही कोणी समजावीत नाही, तिच्याजवळ बसून राहतात.

थप्पडेविषयी मात्र मला स्पष्ट सांगायचे आहे. ती प्रेमापोटी होती किंवा कष्टाने चिडलेल्या माणसाची होती, असे कोणी समजावून सांगू लागले तर मी ऐकून घेणार नाही. सांडलेले पाणी तिनेच आणलेले होते. गुरुजी, तुमच्या समाजमंदिरात त्या वेळी बायकांच्या बाजूला काय झाले, ते तुम्ही लिहिलेले नाही. जमल्यास विचारून सांगावे.

उत्तर ३: वावर_धुरा, वाशीम जिल्हा

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचून मी दोन रात्रींत हा चित्रपट पाहिला. मी कोरडवाहू शेतकरी आहे. माझा आक्षेप शेतीविषयी आहे आणि तो मी मनापासून मांडतो.

भर उन्हात ओगराळाभर पाणी रोपाच्या बुडाशी ओतणे ही शेती नाही. ते पाणी वीतभरही खाली जात नाही, वरच्या वर उडून जाते. माझे वडील उन्हाळ्यात संत्र्याच्या नव्या कलमांच्या बुडाशी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरत, त्यावर झाकण ठेवत आणि भोवती काडीकचऱ्याचे आच्छादन करत. मडके झिरपत राही आणि दोन दोन दिवस कलमाची ओल मोडत नसे. ज्या घराला प्रत्येक थेंब समुद्र ओलांडून आणावा लागतो, ते घर पाणी सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर देईल, वाफ्यावर पाला अंथरील, पावसाचे पाणी अडवायला वर एखादी टाकी खणील. इतकी अक्कल शेतकऱ्याला कोठल्याही देशात असते. कॅमेऱ्याला ऊन हवे असते, पिकाला नको असते, आणि येथे कॅमेऱ्याचे ऐकले गेले आहे.

माझी काळजी यापुढची आहे. शेतकऱ्याचे हाल सुंदर करून दाखवले, की पाहणारा हात जोडतो आणि घरी जातो. हे कष्ट कोणासाठी आहेत, हे विचारायचे राहून जाते. ज्या प्रसंगात ते कुटुंब धान्याची पोती मालकाकडे नेऊन टाकते, तो प्रसंग चित्रपटात फार लवकर आटोपतो. माझ्या दृष्टीने सगळ्या खेपांचा हिशोब तेथे होता. मक्त्याने किंवा बटईने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर किंवा पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याचे वावर वाहणाऱ्या माणसाला तो प्रसंग पाहताना खेपा मोजाव्याशा वाटतात. गुरुजी, तुम्ही आधी काही सांगणार असाल तर एवढेच सांगा, की पोत्यांकडे लक्ष ठेवा.

इतके लिहूनही एक गोष्ट मान्य करतो. ताईंनी लिहिलेला रोपे उपटण्याचा प्रसंग मला सलग पाहवला नाही. २०१७ साली आमच्या भागात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. बाहेरून हिरवे दिसणारे बोंड फोडले की आत किडलेली सरकी आणि पिवळा पडलेला कापूस निघे. शेजाऱ्यांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरे सोडली. मी तसे न करता सकाळी एकटाच वावरात गेलो आणि हाताने झाडे उपटू लागलो. आठ-दहा ओळींनंतर हात सोलले, तेव्हा धुऱ्यावर बसलो. माझी बायको डबा घेऊन आली, तिने उपटलेली झाडे पाहिली, काही विचारले नाही, डबा ठेवला आणि पलीकडच्या तुरीत निंदायला गेली. तिने त्या वेळी विचारले असते तर मी काय बोललो असतो, कोणास ठाऊक. चित्रपटातला नवरा पाणी घालत राहतो तेथे मी मोबाइल बंद केला, आणि उरलेला भाग दुसऱ्या रात्री पाहिला.

पुन्हा: पूर्णाकाठ_गुरुजी

तिघांचेही मनापासून आभार. ताईंनी विचारले म्हणून मी काल माझ्या चुलतीला आणि शेजारच्या दोन बायांना विचारून आलो. मी पुरुषांच्या बाजूला प्रोजेक्टरपाशी होतो, त्यामुळे मला काहीच कळलेले नव्हते. चुलतीने सांगितले, की थप्पड बसली तेव्हा बायकांच्या बाजूला पदर सावरल्यासारखी हालचाल झाली आणि एक जण हळूच म्हणाली, "सांडलं तं सांडलं, मारते कायले?" पुढे आईने स्वतः बादली ओतली, तेव्हा तीच बाई म्हणाली, "आता मार म्हना." हे ऐकल्यावर माझा पहिला प्रश्न मला जवळजवळ सुटल्यासारखा वाटला. ताईंनी जे दोन सांडण्यांविषयी लिहिले, ते आमच्या गावातल्या निरक्षर बाईने अंधारात बसून जागच्या जागी जोडले होते, आणि मी मात्र खारे पाणी आणि चोपण जमीन यांतच उत्तर शोधत होतो.

धुरा भाऊंचा शेतीविषयीचा आक्षेप मला पटतो. आमच्या गावातही चित्रपट संपल्यावर एका वयस्क शेतकऱ्याने पहिली तक्रार हीच केली, की उन्हाच्या वेळी पाणी देऊ नये हे त्या माणसाला कोणी सांगितले नाही काय. मला त्या वेळी ती तक्रार विषयाला सोडून वाटली होती. आता वाटते, की त्या बेटावरच्या माणसाला त्यांनी आपल्यातलाच शेतकरी धरले, म्हणून त्याला सल्ला दिला. पोत्यांच्या प्रसंगाविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. तो लवकर आटोपतो हे खरे, परंतु बादल्या नेणारी होडी आणि पोती नेणारी होडी एकच आहे, हे दिसल्यावर मला तरी आणखी काही दाखवायला हवे होते असे वाटले नाही. यावर तुम्ही लिहावे.

सुरुवातीला काही सांगायचे नाही, असे मी ठरवले आहे. संपल्यावर मात्र दिवे लागताच लोकांना घरी पाठवणार नाही, चहा ठेवणार आहे, आणि बायकांच्या बाजूला माझी चुलती बसेल. पडद्याची रुंदी मोजली. आमचे धोतर उंचीला पुरते पण आडवे कमी पडते. शाळेसमोरच्या शिंप्याने दोन पांढऱ्या चादरी मधे शिवण न दिसेल अशा जोडून द्यायचे कबूल केले आहे. पहिला खेळ येत्या शनिवारी रात्री आठला आहे, आणि त्या गावात वीज बहुधा साडेनऊला जाते, म्हणून बॅटरीची व्यवस्था पाहायला मी उद्याच तिकडे निघतो आहे.

उत्तर ४: गुंड_चुंबळ

गुरुजी, तुमच्या गावच्या त्या बाईला माझा नमस्कार सांगा. शनिवारी जाताना तेवढी काळजी घ्या, की बायकांना मागे बसवू नये. मागून पाहिले तर पुढच्यांच्या डोक्यांआड खालचा भाग झाकला जातो, आणि या चित्रपटात पाहायचे असतात ते पाय.